तुम्ही सांगाल ते टाकतो

रात्री सव्वाअकराला फोनवर फोटो येतो. स्क्रीनशॉट नव्हे, फोटो. लॅपटॉपच्या पडद्याचा, तिरका, मधोमध ट्यूबलाइटची पांढरी पट्टी उमटलेली. काळ्या खिडकीत लाल अक्षरांच्या तीस-चाळीस ओळी आणि खाली एवढंच: ‘मॅडम, असं आलंय. आता?’

असे फोटो मला गेली दहा वर्षं येताहेत. लालबागला एका मंडळाच्या वाचनालयाच्या पोटमाळ्यावर मी दर शनिवारी संध्याकाळी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. नोकरी अंधेरीला, ती पोटासाठी, हे हौसेखातर. फी नाही, चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. गणपतीच्या आधीपासून वर्ग बंद होतो, कारण पोटमाळ्यावर पावतीपुस्तकं, बॅनर आणि कार्यकर्ते मुक्कामाला येतात. एप्रिल-मेमध्ये वर्ग भरतो, पण शिंकत भरतो. खालच्या गल्लीत वर्षाच्या मसाल्याची कांडपं चालू असतात आणि मिरचीचा खकाणा खिडकीतून थेट वर येतो.

यंदा बारा जण आहेत. परळच्या एका हॉस्पिटलातली लॅब टेक्निशियन आहे. तिला रोजच्या रिपोर्टांच्या फायली जोडून महिन्याचा एक तक्ता हवाय. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना आपल्या म्युच्युअल फंडांचा हिशेब स्वतः मांडायचाय, कारण सल्लागारावरचा विश्वास उडालाय. भूगोलात एमए करणारा एक मुलगा मिठी नदीच्या पुराचे नकाशे काढतो. महापालिकेच्या शाळांतल्या दोन शिक्षिका आहेत. बाकी कॉलेजची पोरं, ‘डेटा सायन्स’ हे दोन शब्द ऐकून आलेली.

प्रत्येक बॅचला पहिल्या शनिवारी मी एक कागद देते. ए-फोर, एका बाजूला छापलेला. त्यावर लिहिलेलं असतं की घरी जाऊन मशीनवर काय काय टाकायचं. ‘इन्स्टॉल करायचं’ असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. सॉफ्टवेअर टाकतात, नाहीतर उडवतात. फॉर लूप मी अर्ध्या तासात समजावते. या कागदावर काय लिहायचं, याला मात्र मला यंदा तीन आठवडे लागले.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नुसती पायथॉन भाषा मशीनवर आली म्हणून एक्सेलच्या फायली सहज वाचता येत नाहीत की नकाशे काढता येत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या लोकांनी लिहून ठेवलेली पॅकेजेस आणावी लागतात. ती पायपीआय नावाच्या सार्वजनिक कोठारात असतात. आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रकल्प आहेत. तिथून सामान आणायचं, कुठल्या आवृत्तीशी कुठली जुळते ते बघायचं आणि एका कामाचं सामान दुसऱ्या कामात मिसळू द्यायचं नाही, एवढ्यासाठी एखादं साधन लागतं. एखादं! पिप, व्हर्च्युअलएन्व, व्हेन्व, कोंडा, पिपेन्व, पोएट्री, पीडीएम, हॅच, फ्लिट, यूव्ही. दहा झाली, आणि काही मी मुद्दाम सोडली.

गंमत अशी की टिम पीटर्स यांनी पायथॉनची म्हणून जी तत्त्वं लिहून ठेवली आहेत, त्यांतलं एक सांगतं की कुठलीही गोष्ट करण्याचा एक, शक्यतो एकच, उघड दिसणारा मार्ग असावा. काळ्या खिडकीत, म्हणजे जिथे टाइप करून मशीनला हुकूम देतात तिथे, पायथॉन चालू करून ‘इम्पोर्ट धिस’ लिहिलं की ती तत्त्वं समोर येतात. पहिल्या शनिवारी मी ती वर्गाला दाखवायचे. आता दाखवत नाही. उगाच कोणीतरी प्रश्न विचारतं.

हा गोतावळा वाढला कसा, याला कारणं आहेत आणि ती मूर्खपणाची नाहीत. २००० साली पायथॉन २.० आलं तेव्हा त्यात डिस्टयुटिल्स नावाचं साधन होतं. ते पॅकेज बांधायचं. पण एका पॅकेजला दुसरं लागतं, ते त्याला आणून देता येत नसे. पायपीआय २००३ मध्ये उभं राहिलं. २००४ मध्ये फिलिप ईबी यांनी सेटअपटूल्स आणलं आणि त्याबरोबर ईझी इन्स्टॉल. ते आणून द्यायचं, पण परत काढून घ्यायची सोय त्यात नव्हती. इयान बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व आणि २००८ मध्ये पिप लिहिलं. आता वेगळी खोलीही मिळाली आणि उडवताही येऊ लागलं. प्रत्येकाने आधीच्याची एक गळती बुजवली. डिस्टयुटिल्स मात्र तळाशी पडूनच होतं. पायथॉनमधून ते शेवटी २०२३ मध्ये, ३.१२ या आवृत्तीत निघालं. तेवीस वर्षं. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाला याहून फार जास्त लागली नाहीत.

तेव्हाच्या विंडोजवाल्यांना एक नाव अजून झोपेत आठवत असेल: व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट. ‘ही फाइल सापडत नाही’ एवढं सांगून इन्स्टॉल मरायचं. कारण असं की आकडेमोडीच्या नमपायसारखी पॅकेजेस काही अंशी सी भाषेत असतात. ती तुमच्या मशीनवर बांधायची तर मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम लागायचा, तोही बरोबर त्याच आवृत्तीचा. ज्याला दोन कॉलमांची बेरीज करायची आहे त्याला हे सांगणार कोण? त्या काळात विंडोजचं पायथॉन-जग बऱ्याच अंशी एका माणसाच्या पानावर चालत होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या प्रयोगशाळेतले ख्रिस्तोफ गोल्के ही पॅकेजेस स्वतः बांधून, तयार फायली आपल्या पानावर ठेवत. वर ‘अनधिकृत’ असं स्पष्ट लिहिलेलं. मी त्या पानाचा पत्ता कागदावर छापत असे. अधिकृत जागी जे मिळत नव्हतं ते अनधिकृत जागी मिळत होतं, हे मुंबईत कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मग ‘व्हील’ आलं, म्हणजे आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज. २०१३ मध्ये पिपला ते कळायला लागलं आणि हळूहळू सगळ्या मोठ्या पॅकेजांची व्हीलं पायपीआयवर येऊन बसली. आजच्या पोरांना व्हीसीव्हार्सऑल माहीत नाही. बरं आहे.

माझा पहिला कागद २०१५ चा. तो सोपा होता, कारण त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या पायथॉन ३.४ पासून पिप भाषेबरोबरच यायला लागलं होतं. कागदावर चार ओळी होत्या आणि तिसरी ठळक: ‘इन्स्टॉल करताना खालच्या चौकोनात टिक करायला विसरू नका.’ तो पाथचा चौकोन, म्हणजे पायथॉन कुठे ठेवलंय ते मशीनला कळवणारा. तो मुळात रिकामा असतो आणि ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबत जाणाऱ्याला तो दिसत नाही. दर बॅचला निम्मे लोक विसरायचे. पुढे विंडोज १० मध्ये आणखी मजा झाली: पायथॉन टाकलेलं नसताना खिडकीत ‘पायथॉन’ लिहिलं की मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडायला लागलं. काकांना वाटलं की त्यांनी काहीतरी विकत घेतलं. कार्ड ब्लॉक करायला निघाले होते.

आता २०१८ ची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं खरं वाटणार नाही.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता, विंडोजऐवजी उबंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर काम करायचा. एप्रिल महिना. मी दादरच्या पुलावर, पश्चिमेकडून मध्यच्या बाजूला चाललेली, साडेसहाची गर्दी. त्याचा फोन आला. पिपने पिवळ्या अक्षरांत लिहिलंय की नवी आवृत्ती आली आहे, अपग्रेड करा. करू का? मी म्हटलं, कर की. परवानगी नाही म्हणतंय, मॅडम. मग पुढे सुडो लाव, म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने चालेल. पाच मिनिटांनी परत फोन: आता पिपच चालत नाही, ‘मेन’ सापडत नाही म्हणतंय. त्याच महिन्यात पिपची दहावी आवृत्ती आली होती आणि तिच्यात आतल्या सामानाची जागा बदलली होती. उबंटूने स्वतःच्या पिपसाठी ठेवलेली छोटी फाइल मात्र जुन्याच जागी शोधत होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा ट्रेन आली होती आणि मला जागा दिसत होती. मी म्हटलं, एक काम कर, पायथॉनच उडव आणि नव्याने टाक.

उबंटूचा डेस्कटॉप पायथॉनवर उभा असतो. पायथॉन उडवलं की त्यावर अवलंबून असलेलं सगळं जातं. जाण्याआधी मशीन भली मोठी यादी दाखवून विचारतं, नक्की का? त्याने ‘हो’ दाबलं, कारण मी सांगितलं होतं. घाटकोपरला उतरेपर्यंत त्याच्या घरी काळा पडदा होता आणि सोमवारी प्रोजेक्ट सबमिशन.

रविवारी तो लॅपटॉप पाठीवर घेऊन लालबागला आला. सकाळी दहापासून आम्ही बसलो. पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं, त्याच्या फायली वाचवल्या, सगळं पुन्हा टाकलं. संध्याकाळचे सहा वाजले. मधे त्याच्या आईचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम आहेत इथे, होईल.’ मला त्याने एका शब्दाने दोष दिला नाही. एकदाच म्हणाला, तेही समजावल्यासारखं: ‘तुम्ही सांगितलं ना, तेच टाकलं मी.’

चूक पिपची नव्हती, उबंटूचीही नाही. मशीनच्या स्वतःच्या पायथॉनला हात लावायचा नसतो, हे माहीत असणाऱ्या बाईने ते गर्दीत विसरून सांगितलं. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, उबंटू आणि डेबियन हा लिनक्सचा दुसरा प्रकार, या दोघांनीही ही वाट बंद केली. पेप ६६८ या पायथॉनच्या प्रस्तावानुसार आता तिथे पिपने थेट काही टाकायला गेलात तर मशीन नकार देतं आणि वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सामानाची वेगळी खोली करा म्हणून सांगतं. पुष्कळ जणांनी त्यावर कटकट केली. मी मनातल्या मनात हात जोडले.

त्यानंतर मला सगळ्यात सुरक्षित वाटणारा कागद मी केला. त्यावर सगळेच पर्याय होते. डावीकडे साधनं, उजवीकडे ‘केव्हा वापरावं’, आणि शब्द मोजूनमापून: ‘तुमच्या गरजेनुसार’, ‘अनेक जण पसंत करतात’, ‘याचाही विचार करता येईल’. त्यात एकही चूक नव्हती. त्या बॅचचे फोटो सर्वांत जास्त आले. कोणी तीन साधनं एकाच मशीनवर टाकली, कोणी काहीच टाकलं नाही. एक शिक्षिका कागद समोर धरून म्हणाल्या, ‘ताई, हे सगळं वाचलं. आता तुम्ही काय टाकलंय तेवढं सांगा.’ मला जरा रागच आला. घरी जाताना लक्षात आलं की तो कागद मी त्यांच्यासाठी लिहिलेलाच नव्हता. पुन्हा कोणी ‘तुम्ही सांगितलं’ म्हणू नये, म्हणून लिहिला होता.

म्हणूनच पायथॉनच्या अधिकृत मार्गदर्शक पानांवर ‘कुठलं साधन वापरावं’ हा भाग लिहिणाऱ्यांची मला दया येते आणि थोडं हसूही येतं. ही पानं ‘पायथॉन पॅकेजिंग अथॉरिटी’ सांभाळते. प्राधिकरण म्हटलं की मुंबईच्या माणसाला शिक्का, टोकन आणि ‘उद्या या’ आठवतं. पण २०११ मध्ये पिप आणि व्हर्च्युअलएन्व सांभाळणाऱ्या लोकांनी हे नाव निम्मं थट्टेत घेतलं. सुचलेल्या इतर नावांत ‘इन्स्टॉलेशन मंत्रालय’ हेही होतं. हाती शिक्का कसलाच नाही. स्वयंसेवक आहेत, आपापली नोकरी करून उरलेल्या वेळात बसणारे. पिप, पिपेन्व, हॅच, फ्लिट ही घरातली. पोएट्री, पीडीएम, यूव्ही ही बाहेरची. घरातल्यांनाच पुढे केलं तर पक्षपात, बाहेरच्याला पुढे केलं तर घरातले विचारणार, आम्ही इतकी वर्षं काय केलं? मंडळाच्या जेवणाचं कंत्राट ज्यांनी कधी दिलं असेल त्यांना हे कळेल.

आणि त्यांच्या एका शब्दाचं वजन माझ्या कागदासारखं बारा माणसांपुरतं नसतं. पिपेन्व जानेवारी २०१७ मध्ये आलं आणि लवकरच त्या अधिकृत पानावर जाऊन बसलं. लोकांनी ‘एक चांगला पर्याय’ न वाचता ‘सरकारी’ वाचलं. मग नोव्हेंबर २०१८ ची आवृत्ती आली आणि तिच्यानंतरची थेट मे २०२०. दीड वर्ष. ते साधन बंद पडलं नाही, आजही त्याची देखभाल होते. पण त्या दीड वर्षात ज्यांनी अधिकृत पानाच्या भरवशावर ऑफिसात शब्द टाकला असेल त्यांचं काय झालं असेल, याचा विचार करून माझ्या पोटात गोळा येतो. माझ्या कागदावर मी ते एकटं कधीच सुचवलं नव्हतं. याला शहाणपण म्हणू नका. नवा कागद टाइप करायचा कंटाळा.

शिफारस करणं म्हणजे गुण मोजणं, असं मला पूर्वी वाटायचं. वेग किती, सोयी किती, कुठे काय जास्त. आता वाटतं की ते जामीन राहण्यासारखं आहे. ज्याला माहीत आहे तो गुण स्वतः मोजतो, त्याला तुमची गरज नाही. ज्याला माहीत नाही तो तुमच्या शब्दावर सही करतो, आणि रात्री सव्वाअकराला तुम्ही तिथे नसता.

आई दर वर्षी मे महिन्यात लालबागला मसाला करायला यायची, मला सोबत घेऊन. मिरचीवाला कधीच आधी मिरची दाखवायचा नाही. कशाला हवाय, मच्छीला की रोजच्या कालवणाला? घरात माणसं किती? बारकी पोरं आहेत? मग पोत्यात हात घालायचा: रंगाला एवढी बेडगी, तिखटाला एवढी लवंगी, बास. आई विचारायची, काश्मिरी नको? तो म्हणायचा, तुमाला नको. मला तेव्हा तो उद्धट वाटायचा.

तर यंदा मी पहिल्या शनिवारी कागद दिलाच नाही. प्रत्येकाशी पाच-पाच मिनिटं बोलले. मशीन कुठलं, किती जुनं, स्वतःचं की ऑफिसचं? नेट कसं? पुढे काय करायचंय? उत्तरांत कागदाची रचना आपोआप निघत गेली. बारातल्या आठ जणांचं नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी, तेही घरातल्यांबरोबर वाटून. त्यांना अॅनाकोंडाचा, म्हणजे कोंडा आणि पुष्कळ पॅकेजेस एकत्र देणारा, शेकडो एमबींचा पूर्ण इन्स्टॉलर सांगणं म्हणजे त्या दिवशी घरातली मालिका बंद पाडणं. शिवाय २०२० मध्ये त्यांच्या अटी बदलल्या. दोनशेहून जास्त माणसांच्या कंपनीत कामासाठी वापरायचं तर पैसे भरावे लागतात. हा मुद्दा मी आधी कधी कागदावर घेतलाच नव्हता. आमची टेक्निशियन ते हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर टाकून बसली असती आणि उद्या कोणी विचारलं असतं तर म्हणाली असती, मॅडमनी सांगितलं.

बारातल्या एकालाही पॅकेज बनवून पायपीआयवर चढवायचं नाही, हेही तेव्हाच कळलं. साधनांवरची निम्मी भांडणं पॅकेज बनवणाऱ्यांची असतात. पोएट्री मला स्वतःला आवडतं, ऑफिसात आम्ही ते वर्षानुवर्षं वापरलं. पण विरार फास्ट बोरिवलीला थांबते म्हणून बोरिवलीला उतरणाऱ्याने तीत चढावं, असं कोणी मुंबईकर नव्या माणसाला सांगत नाही. गाडी उत्तम आहे. दारातले लोक वेगळ्या प्रवासाला निघालेले आहेत.

राहता राहिले दोन: साधं पिप आणि व्हेन्व, जे पायथॉनबरोबरच येतं, नाहीतर यूव्ही.

व्हेन्वच्या बाजूने बोलायचं तर ते कुठे जाणार नाही. कंपनी बुडो, माणूस कंटाळो, ते भाषेच्या पोटात आहे. पण विंडोजवर नवशिक्याने ते एन्व्हायर्नमेंट चालू करायला गेलं की पॉवरशेल, म्हणजे विंडोजची हुकूम घेणारी खिडकी सांगते, या मशीनवर स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे. ती मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी घातलेली मर्यादा आहे आणि योग्यही आहे. मात्र दुसऱ्याच दिवशी ‘मनाई’ वाचून माणूस घाबरतो. मग मी फोनवरून ती मनाई उठवायला शिकवणार. म्हणजे पहिल्याच आठवड्यात धडा काय, तर मशीन नको म्हणालं तरी रेटा. २०१८ नंतर मला हे जमत नाही.

यूव्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये अॅस्ट्रल या कंपनीने आणलं. रस्ट भाषेत लिहिलेलं आहे, आणि पिपपेक्षा दहा ते शंभर पट वेगवान असा त्यांचा दावा. माझ्याकडे मोजायची साधनं नाहीत. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मी चहा ओतेपर्यंत काम झालेलं होतं, एवढं बघितलं. वेग मला तसाही दुय्यम. मला पटलं ते वेगळंच: पायथॉनसुद्धा ते स्वतःच आणतं, अॅडमिनचा पासवर्ड मागत नाही, पाथचा चौकोन नाही, चालू-बंद करण्याची भानगड नाही. ‘यूव्ही रन’ म्हटलं की झालं. आणि एकदा आणलेलं पॅकेज ते साठवून ठेवतं, दुसऱ्या कामाला परत डाउनलोड करत नाही. दीड जीबीवाल्यांना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा वर्गात सगळ्यांनी मान वर केली.

काकांनी नाव ऐकून विचारलं, ‘यूव्ही म्हणजे ते पाणी शुद्ध करायचं?’ याच काकांच्या वहीत पिप हे सुरुवातीपासून ‘पिंप’ असं लिहिलेलं आहे. सामान साठवायचं ते पिंप; मी दुरुस्त केलं नाही.

मग उणी बाजू. ते टाकायला इंटरनेटवरची एक ओळ कॉपी करून काळ्या खिडकीत चिकटवावी लागते. ओळखीच्या नसलेल्या ओळी चिकटवू नका, असं सांगणारी मीच. म्हणून कागदावर ओळीच्या वर पत्ता छापला, तो पत्ता वर्गात सगळ्यांकडून वाचून घेतला, एक-एक अक्षर. दुसरं, मागे कंपनी आहे आणि तिला गुंतवणूकदार आहेत. फुकट दिलेल्या वस्तूचं बिल कधी येतं आणि कोणाच्या नावावर, हे काकांनी लगेच विचारलं. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. मी सांगितलं की परवाना मुक्त आहे, एमआयटी आणि अपाचे दोन्ही. उद्या कंपनीने पाठ फिरवली तरी आहे तो कोड उचलून दुसऱ्यांना पुढे नेता येतो. ‘नेता येतो म्हणजे नेतीलच असं नाही,’ काका म्हणाले. नाही. तिसऱ्या शनिवारी मी सगळ्यांना व्हेन्व हाताने करायला लावलं, एकदाच, मनाईसकट. पोरांची कटकट झाली.

भूगोलवाल्या मुलाला कागद दिला नाही. नकाशांच्या कामाला जीडॅल हे नकाशांच्या फायली वाचणारं सॉफ्टवेअर लागतं आणि ते सी-सी प्लस प्लसमधल्या लायब्ररींचं मोठं लटांबर आहे. तिथे आजही कोंडाचा मार्ग मला भरवशाचा वाटतो. त्याला मिनिफोर्ज हा कोंडाचा छोटा अवतार सांगितला, जो समाजाने चालवलेल्या कोंडा-फोर्जमधून सामान आणतो आणि त्या पैशाच्या अटीत सापडत नाही. टेक्निशियनच्या घरच्या लॅपटॉपवर विंडोज ७ निघालं. त्यावर पायथॉन ३.८ च्या पुढचं काही चढत नाही. त्यावर आम्ही लिनक्स टाकलं. तो सबंध शनिवार वेगळाच होता आणि त्यात मी यूट्यूबवरच्या एका पोराचा व्हिडिओ बघून शिकत होते, हे तिला सांगितलेलं नाही.

कागद पक्का झाला त्या संध्याकाळी जिन्यात एक गृहस्थ भेटले. २०१६ च्या बॅचचे, शिवडीला राहणारे. खिशातून घडी काढली: माझाच कागद, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला, चौकोनाच्या ओळीखाली त्यांनी लाल पेनाने दोन रेघा ओढलेल्या. ते त्यांच्या सोसायटीची मेंटेनन्सची बिलं काढतात, नऊ वर्षं, छत्तीस फ्लॅट. पायथॉन तेच, पिपने तेव्हा टाकलेली दोन पॅकेजेस तीच. कॉम्प्युटर सोसायटीच्या ऑफिसात, नेटला जोडलेला नाही.

‘ताई, मुलगा म्हणतो हे सगळं जुनं झालं. नवीन काय आलंय ते सांगा, टाकून घेतो.’

मी विचारलं, बिलं बरोबर निघतात? निघतात. कधी अडलंय? एकदा प्रिंटर बिघडला होता.

‘मग काही टाकू नका.’

त्यांचा चेहरा थोडा पडला. एवढ्या लांबून जिने चढून आलेला माणूस, काहीतरी घेऊन जाऊ म्हणून. मी म्हटलं, सगळ्या फोल्डरची एक कॉपी पेन ड्राइव्हवर करून कपाटात ठेवा, आणि त्या कागदाची झेरॉक्स काढून घ्या, फाटत आलाय. हे त्यांना पटलं. आम्ही दोघं मिळूनच खाली कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

त्यांची एक निघाली. मग मी माझा नवा कागद काचेवर ठेवला. वर उजव्या कोपऱ्यात या वेळी महिना आणि साल टाकलंय, मोठ्या अक्षरात.

‘पन्नास काढू?’ झेरॉक्सवाला म्हणाला. ‘पन्नासला रेट कमी पडतो, मॅडम. दर वर्षी लागतातच ना तुम्हाला.’

मी म्हटलं, अकराच काढा.